फुकट

लडलोच्या उतारावर, मिस्टर प्रॉबर्टच्या कुंपणभिंतीवर
सप्टेंबरात एक निळी बादली असते.
आत सफरचंदं. डागाळलेली, वेडीवाकडी,
एखाद्याला अळीनं पाडलेलं दार.
पुठ्ठ्यावर थरथरती अक्षरं:
घ्या, हवी तितकी.

तीन दिवस मी बादलीकडे न बघता गेले.
चौथ्या दिवशी पाच उचलली
आणि आत एक पाउंड टाकला.
ठण् वाजला.
जिवाला बरं वाटलं.

माझे वडील, शिमोन वाघचौरे मास्तर,
शेवगावजवळच्या मिशन शाळेत चौथीला शिकवायचे,
'फुकट' शब्दानं अंग चोरायचे.
लहानपणी गावानं त्यांना ऐकवलं होतं,
दुधाच्या पावडरीवर बाटलेले तुम्ही.
ते एक वाक्य त्यांनी साठ वर्षं फेडलं.
कुणाकडे चहा घेतला
तर दुसऱ्या दिवशी त्या घरी शेंगा पोचायच्या.
नाताळच्या केकचा तुकडासुद्धा
दानपेटीत नाणं पडल्यावरच तोंडात.
"फुकटचं पचत नाही, पोरी."
गेले तेव्हा कुणाचं देणं नव्हतं,
येणंही नव्हतं.
वही इतकी कोरी की बघवेना.

तीच वही मी समुद्रापार आणली.

मी इथे म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते.
पगार तासावर. एका घरातून दुसऱ्या घरी
चालत जायची वीस मिनिटं
कंपनी धरत नाही.
त्या बिनपगारी वीस मिनिटांत टेम नदी येते,
बंधाऱ्यावर एक राखाडी बगळा
कर्ज मागायला आल्यासारखा संकोचून उभा,
मंगळवारी घंटा वाजवायला शिकणाऱ्यांचे चुकलेले ठोके,
ओल्या सालीचा वास,
आणि पुढच्या घरी विनिफ्रेडबाई,
ज्यांना माझं नाव आठवत नाही
पण पडदा सरकवला की रोज म्हणतात,
"अगं, उजेड आला बघ,"
जणू काल आला नव्हता.

मी ते कधी मोजलं नव्हतं.
मोजलं असतं तर फेडायला गेले असते.

संध्याकाळी दाराच्या फटीतून लिफाफा पडला.
आत माझाच पाउंड. आणि चिठ्ठी:
'सफरचंदं झाडाची. मी फक्त बादलीचा मालक.'

राग आला, खोटं कशाला बोलू.
झाकलेली जखम कुणी सहज उघडावी तसं झालं.
रागातच सफरचंदं चिरली.
कैरीसारखी आंबट निघाली,
म्हणून मेथ्या तडतडवल्या, गूळ घातला,
मेथांबा केला, बरणी भरली,
चप्पल घातली, त्याच्या दाराशी निघाले,
आणि फाटकाशी थबकले.
हातात बरणी नव्हती.
शेंगा होत्या.

परत आले. पोळीशी मेथांबा खाल्ला.
पचला.

रविवारी प्रभुभोजनाला कठड्याशी गुडघे टेकले.
उजव्या तळव्याखाली डावा तळवा,
दोन्ही रिकामे.
आणि तिथे, पाळकाचे बूट माझ्यापासून दोन माणसं दूर असताना,
मला वडिलांचे हात दिसले.
तेही असेच पुढे यायचे,
फळ्यावर ताठ अक्षर काढणारे हात,
आणि नेमके तिथेच थरथरायचे.
मला वाटायचं, वय झालं.
वय नव्हतं.
सबंध महिन्यात तेवढी एकच गोष्ट
मास्तर न फेडता घ्यायचे,
आणि ती कुणीही फेडू शकत नाही
हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

भाकरीचा तुकडा जिभेवर विरघळला.
बाजूला कुणाचं तरी बाळ जांभई देत होतं.

बरणी मग बुधवारी दिली प्रॉबर्टला.
कशाबद्दल, त्यानं विचारलं.
म्हटलं, कशाबद्दल नाही.

परतताना बादलीतून एक उचललं,
तिथेच भिंतीला टेकून खाल्लं,
अळीची बाजू सोडून.
आंबट.
डोळे आपोआप मिटले.